साबण पृष्ठताण कमी करतो, मीठ वाढवतं. मग दोघांमुळेही बुडबुडे वेगळे कसे राहतात?

खारट_मासा

मंडळी, एक शंका बरेच दिवस डोक्यात घोळतेय. माझ्याकडे माशांच्या दोन टाक्या आहेत, एक गोड्या पाण्याची आणि एक समुद्री. दोन्हीकडे एकाच जातीचा हवेचा पंप, तेवढ्याच लांबीची नळी, एकाच पाकिटातले हवेचे दगड. गोड्या पाण्यात दगडातून टपोरे, डोळ्यांनी सुटे दिसणारे बुडबुडे वर येतात. समुद्री टाकीत मात्र ते इतके बारीक असतात की सगळं पाणी पांढुरकं दिसतं. प्रोटीन स्किमर (बारीक बुडबुड्यांच्या फेसातून टाकीतली घाण वर काढणारं यंत्र) वापरणाऱ्यांना हे माहीत असेलच. तो खाऱ्या पाण्यात झकास चालतो, गोड्या पाण्यात जवळजवळ निरुपयोगी.

शाळेत शिकलेलं उत्तर लावून पाहिलं, पृष्ठताण कमी झाला की बुडबुडे लहान. पण तक्ता उघडला तर मिठामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतच नाही, किंचित वाढतो! साबण तो कमी करून बुडबुडे बारीक ठेवतो आणि मीठ तो वाढवून तेच करतं, हे कसं काय? कुणी नीट उलगडून सांगेल का?

वाचनमात्र

मस्त प्रश्न. बसलोय इथेच.

प्रवाही

विरोध खरा आहे. 'पृष्ठताण कमी की जास्त' हा विचार सोडून दिला की तो सुटतो.

आधी दोन प्रश्न वेगळे करू. दगडाच्या छिद्रातून सुटताना बुडबुडा केवढा असतो हा एक, आणि सुटल्यावर तो शेजारच्याला जाऊन मिळतो का हा दुसरा. पृष्ठताणाचा आकडा मुख्यतः पहिल्यात येतो. छिद्राच्या कडेला बुडबुड्याला धरून ठेवतो तो पृष्ठताण, आणि सोडवते ती उत्प्लावकता. तुमच्या दोन टाक्यांतला फरक मात्र जवळजवळ सगळा दुसऱ्या प्रश्नातला आहे. गोड्या पाण्यातही बुडबुडे बारीकच निघतात, पण दगडावरच आणि पुढच्या काही सेंटीमीटरांत ते एकमेकांत मिसळून टपोरे होतात. खाऱ्या पाण्यात ते जन्मले तेवढेच राहतात.

आता दोन बुडबुडे मिसळतात म्हणजे काय होतं ते पाहू. ते जवळ येतात, समोरासमोरचे भाग थोडे चपटे होतात आणि मध्ये पाण्याचा एक पातळ पापुद्रा अडकतो. हा पापुद्रा कडेने बाहेर निथळत जातो. निथळता निथळता काही दशक नॅनोमीटर उरला की रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण त्याला फाडतं. एकदा भोक पडलं की क्षणार्धात एकच बुडबुडा. यातली फाटण्याची पायरी फार झटपट होते. खरा वेळ निथळण्यात जातो. आणि बुडबुडे काही एकमेकांची वाट बघत थांबत नाहीत, प्रवाह त्यांना भिडवतो आणि लगेच दूरही नेतो. भेटीचा वेळ संपायच्या आत पापुद्रा पुरेसा पातळ झाला तर मिसळतात, नाही तर आपटून परत फिरतात. सगळा खेळ या दोन वेळांच्या शर्यतीचा आहे.

शुद्ध पाण्यात पापुद्र्याचे दोन्ही पृष्ठभाग मोकळे असतात. पाणी बाहेर जाताना पृष्ठभागही त्याच्याबरोबर सरकतो, अडवणारं कुणी नाही. त्यामुळे निथळणं मिलिसेकंदांत उरकतं.

आता त्यात थोडं सर्फॅक्टंट (साबणासारखा, पृष्ठभागावर जाऊन बसणारा पदार्थ) घाला. त्याचे रेणू पृष्ठभागावर बसलेले असतात, एक टोक पाण्यात आणि दुसरं हवेत. पापुद्र्यातलं पाणी बाहेर वाहू लागलं की ते या रेणूंनाही कडेकडे ओढून नेतं. मध्यभागी रेणू विरळ होतात, म्हणजे तिथला पृष्ठताण वाढतो. कडेला गर्दी होते, तिथला घटतो. पृष्ठभाग नेहमी कमी ताणाकडून जास्त ताणाकडे ओढला जातो, म्हणजे इथे कडेकडून मध्याकडे. पाणी बाहेर जातंय आणि पृष्ठभाग आत ओढतोय. पृष्ठभाग जागच्या जागी थिजतो, आणि पाण्याला दोन स्थिर भिंतींच्या फटीतून वाट काढल्यासारखं कूर्मगतीने झिरपावं लागतं.

यालाच मारांगोनी परिणाम म्हणतात. कार्लो मारांगोनी यांनी १८६५ मध्ये यावर लिहिलं, पण जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच अशा प्रवाहांचं बरोबर कारण सांगितलं होतं. पापुद्रा ताणला गेला की त्याचा पृष्ठताण किती वाढतो याच्या मापाला गिब्स लवचीकता म्हणतात.

तर मुद्दा असा की बुडबुड्यांना वेगळं ठेवतं ते पृष्ठताणाचं *बदलणं*. तो सरसकट कमी आहे की जास्त याला इथे फारसं महत्त्व नाही.

मिठाचं गणित याच चौकटीत बसतं. मिठाच्या आयनांना पृष्ठभाग आवडत नाही, ते आत राहतात. पापुद्रा ताणला गेला, नवा पृष्ठभाग तयार झाला, की मीठ आणखी आत ढकललं जातं. पापुद्रा इतका पातळ असतो की त्यामुळे आतलं द्रावण किंचित तीव्र होतं आणि तिथला पृष्ठताण वाढतो. साबणाच्या बाबतीत ताणलेल्या जागी साबण विरळ होऊन ताण वाढतो, इथे मीठ दाट होऊन वाढतो. दोन्हीकडे परिणाम एकाच दिशेने.

खारट_मासा

अरेच्चा! म्हणजे मीठ सरासरी पृष्ठताण वाढवतं की कमी करतं याने फरकच पडत नाही?

प्रवाही

चिन्हाने नाही पडत, आकाराने पडतो. लवचीकतेच्या सूत्रात 'तीव्रता बदलल्यावर पृष्ठताण किती बदलतो' ही राशी वर्गात येते. वर्ग केला की ऋण-धन सारखंच. मिठाच्या बाबतीत ही राशी फार लहान आहे. लिटरला एक मोल मीठ घातलं तरी ७२ चा पृष्ठताण मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये जेमतेम दीडएक अंकाने वाढतो. म्हणून मीठ भरपूर लागतं आणि साबण चिमूटभर पुरतो.

साबणचुरा

थोडा असहमत. फेस देणाऱ्या सगळ्या गोष्टी पृष्ठताण कमी करतात हे तर प्रयोगशाळेत रोज दिसतं. सोडियम डोडेसिल सल्फेट (डिटर्जंटातला एक नेहमीचा सर्फॅक्टंट) घातलं की ७२ वरून चाळीसच्या खाली येतो आणि फेस होतो. मग 'आकड्याला महत्त्व नाही' हे जरा जास्तच झालं.

प्रवाही

सर्फॅक्टंट दोन्ही गोष्टी एकदम करतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही वेगळ्या करून बघता येतात. ॲसिटोनचा पृष्ठताण सुमारे २३, इथेनॉलचा २२, हेक्झेनचा १८. तिन्ही साबणाच्या पाण्यापेक्षा खाली. यातलं कुठलंही शुद्ध द्रव बाटलीत घालून हलवा, फेस क्षणभरही टिकत नाही, कारण शुद्ध द्रवात पृष्ठताण जागोजागी वेगळा व्हायला कारणच नाही. उलट फेसावर इथेनॉल शिंपडलं तर फेस बसतो, आणि तेव्हा पृष्ठताण कमीच होत असतो.

उलट बाजूचं उदाहरण खनिजवाल्यांकडे आहे. आहे का कुणी?

धातुशोधक

आहे, आहे. 😊 खनिज प्लवनात (दळलेल्या धातुकाच्या गाळात हवा सोडून हवे ते कण बुडबुड्यांना चिकटवून वर आणायचे) आम्ही फ्रॉदर (फेस आणणारं रसायन) घालतो. सर्वांत ओळखीचा एमआयबीसी, म्हणजे मिथाइल आयसोब्युटिल कार्बिनॉल. दहा लाख भागांत दहा भागांच्या आसपास एमआयबीसी असला तर पृष्ठताण मापकावर पाणी शुद्ध पाण्यासारखंच दिसतं, आकडा हललेला जाणवत नाही. पण तेवढ्यात यंत्रातले कित्येक मिलिमीटरचे बुडबुडे एक मिलिमीटरच्या घरात येतात.

चो आणि लास्कोव्स्की यांनी २००२ मध्ये यावर फार साधा आणि सुंदर प्रयोग छापला. एकाच छिद्रातून हवा सोडली तर फ्रॉदर घातल्याने बुडबुड्याचा आकार फारसा बदलत नाही. शेजारी शेजारी अनेक छिद्रं असली तर मात्र फ्रॉदरशिवाय बुडबुडे मोठे, आणि फ्रॉदर वाढवत नेला की आकार उतरत जाऊन एका तीव्रतेनंतर स्थिर होतो. म्हणजे फ्रॉदर बुडबुडा लहान *बनवत* नाही, बनलेल्यांना एकमेकांना मिळू देत नाही. आकार जिथे स्थिर होतो त्या तीव्रतेला क्रांतिक विलीनीकरण तीव्रता म्हणतात. एमआयबीसीची ती साधारण लिटरला ०.१ मिलिमोल, दर फ्रॉदरची वेगळी. माझ्या मते फ्रॉदरांची तुलना करायची तर याच आकड्याने करावी. पुरवठादाराच्या पत्रकावर पृष्ठताण छापलेला असतो, त्याचा आम्हाला काडीचा उपयोग नाही.

(अवांतर: काही संशोधकांच्या मते फ्रॉदरमुळे खळबळीत बुडबुडे फुटणंही सोपं जातं. यांत्रिक ढवळणीच्या यंत्रात दोन्ही घडत असणार. पण एक छिद्र-अनेक छिद्र या प्रयोगापुढे विलीनीकरणाचं पारडं मला तरी जड वाटतं.)

साबणचुरा

एमआयबीसीचं उदाहरण पटलं. पण मग लांब साखळीचं सर्फॅक्टंट नेहमीच जास्त चांगलं, असं म्हणायचं का? ट्राउबेच्या नियमाप्रमाणे साखळीत एक कार्बन वाढला की पृष्ठक्रिया साधारण तिप्पट.

गणिती_किडा

अल्कोहोलच्या मालिकेत बऱ्याच अंशी हो. साखळी वाढली की विलीनीकरण थांबवायला लागणारी तीव्रता झपाट्याने उतरते. पण पुढे एक अडचण येते. रेणू पृष्ठभागावर पोहोचायला वेळ लागतो, आणि बुडबुड्याकडे वेळच नसतो.

एक ठोकळ अंदाज. समजा एखादं लांब, अ-आयनी (प्रभार नसलेलं) सर्फॅक्टंट आहे, पृष्ठभागावर चौरस मीटरला २.५ मायक्रोमोल बसतं आणि द्रावणात लिटरला ०.०५ मिलिमोल आहे. पृष्ठभाग भरायला लागणारे रेणू भागिले तीव्रता, म्हणजे ५० मायक्रोमीटर जाडीच्या पाण्याच्या थरातला सगळा साठा लागेल. विसरणाने ५० मायक्रोमीटर यायला किती वेळ? लांबीचा वर्ग भागिले विसरणांक. विसरणांक सेकंदाला ४ × १०⁻¹⁰ चौरस मीटर धरला तर सहा सेकंदांच्या आसपास. बुडबुडा दगडावर सुटून शेजाऱ्याला भिडायला सेकंदाचा शतांशही पुष्कळ होतो. म्हणजे तक्त्यात पृष्ठताण कितीही सुंदर दिसो, टक्कर होते तेव्हा पृष्ठभाग जवळजवळ उघडाच असतो.

विसरण आणि पृष्ठभाग भरणं यांचं नीट समीकरण वॉर्ड आणि टॉर्डाई यांनी १९४६ मध्ये दिलं. प्रथिनांसारखे मोठे रेणू तर आणखी संथ. म्हणून क्षणात होणाऱ्या टकरींत छोटे, चपळ रेणू भाव खातात, आणि वर साठलेला फेस तासभर टिकवायचा असेल तर मोठे, संथ रेणू. दोन्ही कामांना एकच सर्फॅक्टंट उत्तम असायला हवं असा नियम नाही.

जाता जाता निथळण्याचंही गणित टाकतो, कारण प्रवाही यांनी 'कूर्मगती' म्हटलंय ती किती हे कळायला हवं. दोन मिलिमीटर व्यासाचे दोन बुडबुडे, आतला जादा दाब सुमारे १४४ पास्कल. चपट्या पापुद्र्याची त्रिज्या ०.१ मिलिमीटर धरू. दोन्ही पृष्ठभाग पूर्ण थिजलेले असतील तर रेनॉल्ड्सच्या सूत्राने ५० नॅनोमीटरपर्यंत निथळायला साधारण २० सेकंद. मोकळ्या पृष्ठभागांना काही मिलिसेकंद. हजारो पटींचा फरक, आणि तो घडवायला पृष्ठभागावर रेणूंचा अपुरा थरसुद्धा चालतो! (खरा पापुद्रा सपाट नसतो, मध्ये खळगा आणि कडेला अरुंद फट अशी रचना होते, त्यामुळे २० हा आकडा घट्ट धरू नका.)

मीरा_म

छान चाललाय धागा. एक बाळबोध प्रश्न: हे झालं निथळण्याचं. पण साबणाचा फेस मिनिटंच्या मिनिटं टिकतो. तोवर पापुद्रा निथळून संपायला नको का?

प्रवाही

बाळबोध अजिबात नाही, इथूनच दुसरं प्रकरण सुरू होतं. मारांगोनी फक्त उशीर करतो, कायमचं थांबवत नाही. कायमचं थांबायला पापुद्र्याच्या दोन पृष्ठभागांनी एकमेकांना ढकलायला हवं.

सोडियम डोडेसिल सल्फेटसारख्या आयनी सर्फॅक्टंटमध्ये दोन्ही पृष्ठभागांवर ऋण प्रभार बसतो. पापुद्रा काही दशक नॅनोमीटर झाला की हे प्रभारित थर एकमेकांना दूर लोटतात. या दाबाला देरयागिन यांनी विभेदक दाब म्हटलं. तो बुडबुड्याच्या दाबाला तोलून धरू शकला तर पापुद्रा तिथेच स्थिरावतो. अशा पापुद्र्यावरून प्रकाश फारसा परत येत नाही, तो काळा दिसतो. पाण्यात मीठ वाढवलं तर हे प्रतिकर्षण झाकलं जातं आणि पापुद्रा आणखी पातळ होऊन न्यूटन काळ्या पापुद्र्यापर्यंत जातो, जेमतेम चार-पाच नॅनोमीटर. म्हणजे दोन बाजूंचे सर्फॅक्टंटचे थर आणि मध्ये नावापुरतं पाणी. अ-आयनी सर्फॅक्टंट आणि पॉलिमर यांत प्रभाराऐवजी लांब शेपट्यांची गर्दीच एकमेकांना आत येऊ देत नाही.

इथे एक गंमत आहे. साध्या मिठाचं पाणी बुडबुड्यांना मिसळू देत नाही, पण आयनी साबणाच्या पाण्यात तेच मीठ जास्त झालं तर प्रतिकर्षण कमी करतं. एकच पदार्थ कुठे घातला यावर त्याची भूमिका ठरते.

साबणचुरा

यात भर: क्रांतिक मायसेल तीव्रतेच्या पुढे (म्हणजे जिथून सर्फॅक्टंटचे रेणू पाण्यात मायसेल नावाचे पुंजके करू लागतात, सोडियम डोडेसिल सल्फेटसाठी लिटरला सुमारे ८ मिलिमोल) सर्फॅक्टंट ओतत राहिलं तर मारांगोनीचा जोर उलट ओसरतो. आजूबाजूला साठा इतका असतो की विरळ झालेली जागा लगेच भरते, फरक टिकतच नाही. पण तीव्रता बरीच वाढवली तर पापुद्र्यात मायसेलांचे थर अडकतात आणि तो सरळ पातळ न होता पायऱ्यापायऱ्यांनी पातळ होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पाहणं म्हणजे निव्वळ आनंद.

कानसेन

सूक्ष्मदर्शक नसलेल्यांसाठी कान आहेत. सुटणारा किंवा दुसऱ्यात मिसळणारा बुडबुडा क्षणभर थरथरतो आणि वाजतो. मिनार्ट यांनी १९३३ मध्ये त्याचं सूत्र दिलं. पाण्यात, वातावरणाच्या दाबाला, एक मिलिमीटर त्रिज्येचा हवेचा बुडबुडा ३.३ किलोहर्ट्झच्या आसपास. त्रिज्या दुप्पट झाली की वारंवारता निम्मी. खारट_मासा, दोन्ही टाक्यांच्या काचेला कान लावून बघा. गोड्या पाण्याची टाकी जास्त जाड आवाजात बोलेल असा माझा अंदाज.

किण्वक

धागा आमच्या दुखण्यावर येऊन ठेपलाय म्हणून लिहितो. मी किण्वनाच्या कारखान्यात काम करतो. मोठ्या टाकीत सूक्ष्मजीव वाढवायचे, खालून हवा, वर ढवळणी. प्रथिनांमुळे फेस चढतो, मग सिलिकॉनचं फेसनाशक घालतो. फेस बसतो, आणि पाठोपाठ विरघळलेल्या ऑक्सिजनचा काटाही बसतो. वरिष्ठ म्हणतात ढवळणी वाढवा, ढवळणी वाढवली की पुन्हा फेस. हे दुष्टचक्र का?

प्रवाही

कारण फेसनाशकाला 'वरचा फेस' आणि 'खालचे बुडबुडे' यांत फरक कळत नाही. दोन्हीकडे पापुद्रेच आहेत.

सिलिकॉन तेलाचा पृष्ठताण सुमारे २१. तेलाचा थेंब पापुद्र्यात शिरला की दोन्ही बाजूंना टेकून पूल बांधतो, आणि हा पूल अस्थिर असल्यामुळे पापुद्रा तिथे फाटतो. बरोबर पाणी न धरणाऱ्या सिलिकाचे बारीक कण मिसळलेले असतात. त्यांच्या टोकदार कडा थेंबाला पृष्ठभागात घुसायला मदत करतात, म्हणून नुसत्या तेलापेक्षा मिश्रण कितीतरी जास्त प्रभावी ठरतं. हाच थेंब टाकीच्या पोटात दोन बुडबुड्यांच्या मध्ये सापडला की तिथेही तेच करतो.

परिणामाचा हिशोब सोपा आहे. दोन सारखे बुडबुडे मिसळले की व्यास फक्त १.२६ पट होतो, पण एकूण पृष्ठफळ सुमारे २१ टक्क्यांनी घटतं. एक मिलिमीटरचे आठ मिसळून दोन मिलिमीटरचा एक झाला की पृष्ठफळ निम्मं. वायूचं प्रमाण तेच, पण ऑक्सिजन आत जायचं दार अर्धं बंद. शिवाय मोठे बुडबुडे बहुधा लवकर वर निघून जातात, त्यामुळे टाकीत एका वेळी हवा कमी असते.

गणिती_किडा

पण सर्फॅक्टंट असला म्हणजे ऑक्सिजन वाढतोच असंही नाही ना?

प्रवाही

नाही. हा मुद्दा अनेक पुस्तकं एका ओळीत उरकतात, म्हणून जरा थांबतो.

वर चढणाऱ्या बुडबुड्याचा पृष्ठभाग शुद्ध पाण्यात सरकता असतो. समोरून ताजा पृष्ठभाग येत राहतो, आतला वायू फिरत राहतो. सर्फॅक्टंट असला की प्रवाह त्याचे रेणू झाडून बुडबुड्याच्या मागच्या बाजूला जमवतो आणि तिथे एक थिजलेली टोपी तयार होते. फ्रुमकिन आणि लेव्हिच यांनी १९४७ मध्ये हे मांडलं. टोपी वाढली की बुडबुडा घन गोळीसारखा वागू लागतो. दीडेक मिलिमीटरचा बुडबुडा अगदी स्वच्छ पाण्यात सेकंदाला ३५ सेंटीमीटरच्या आसपास चढतो, मलिन पाण्यात त्याच्या निम्म्याने. आणि थिजलेल्या पृष्ठभागातून प्रति चौरस सेंटीमीटर ऑक्सिजनही कमी जातो.

म्हणजे सर्फॅक्टंट एका हाताने पृष्ठफळ देतो आणि दुसऱ्या हाताने त्या पृष्ठफळाची कार्यक्षमता काढून घेतो. बेरीज कुठे झुकेल हे टाकीवर अवलंबून. जोरदार ढवळणीत पृष्ठफळाचा फायदा जिंकू शकतो. सांडपाणी शुद्धीकरणातल्या बारीक बुडबुड्यांच्या हवा-जाळ्यांत बहुतेकदा तोटा जिंकतो. तिथले लोक 'अल्फा' नावाचं गुणोत्तर वापरतात, सांडपाण्यातला ऑक्सिजन-प्रवेश भागिले स्वच्छ पाण्यातला. डिटर्जंट भरपूर असलेल्या सुरुवातीच्या भागात तो अर्ध्याच्या खालीही जातो.

किण्वक, फेसनाशकाच्या बाबतीत मात्र तुमची दोन्हीकडून पंचाईत आहे. पृष्ठफळही जातं आणि पृष्ठभाग मोकळाही होत नाही. एकदम मोठा डोस ओतू नका. फेस-संवेदकाला जोडून थेंबाथेंबाने, शक्यतो वरून फेसावरच पडेल असं द्या. आणि डोसच्या आधी व नंतर हवा क्षणभर बंद करून ऑक्सिजन किती वेगाने परत चढतो ते मोजा, म्हणजे वरिष्ठांपुढे ठेवायला तक्रारीऐवजी आलेख असेल.

किण्वक

आलेख ठेवतोच. यांत्रिक फेसतोडकाचाही विषय पुन्हा काढतो. त्याने तरी खालचे बुडबुडे शाबूत राहतील.

मीरा_म

आणखी एक. बुडबुडे न भिडताही मोठे होतात ना? लहान आटतात, मोठे फुगतात?

साबणचुरा

होतात, पण ते विलीनीकरण नव्हे. लहान बुडबुड्यात दाब जास्त, म्हणून त्यातला वायू विरघळून शेजारच्या मोठ्यात जातो. ऑस्टवाल्ड पक्वन. पापुद्रा एकही न फाटता फेस जाड होतो. सर्फॅक्टंट विलीनीकरण थांबवू शकतो, याला फक्त थोडा उशीर लावू शकतो. खरा उपाय म्हणजे कमी विरघळणारा वायू. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे पन्नास पट विरघळतो, त्यामुळे त्याचा फेस भराभर जाड होतो. अल्ट्रासाउंडसाठी शिरेतून देतात त्या सूक्ष्मबुडबुड्यांत दोन्ही युक्त्या एकत्र असतात. बाहेर फॉस्फोलिपिडचं कवच, आत सल्फर हेक्साफ्लोराइडसारखा न विरघळणारा जड वायू.

खारट_मासा

माझं डोकं फुगलंय, बुडबुड्यासारखंच. व्यवहाराचं विचारतो. गोड्या पाण्यात किती मीठ घातलं तर फरक दिसेल? आणि मिठाऐवजी साबणाचा एक थेंब चालेल का?

आयनकर

साबणाचा थेंब टाकीत कदापि नको! डिटर्जंट माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. प्रयोग मासे नसलेल्या बरणीत करा.

मिठामुळे बुडबुडे मिसळायचे थांबतात ते लिटरला सुमारे ०.१ मोलला, म्हणजे सहा ग्रॅमच्या आसपास. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे तुमची खारी टाकी या उंबरठ्याच्या कितीतरी पुढे. बरणीत मीठ हळूहळू वाढवत न्या. बदल फार सावकाश होत नाही, थोड्याच टप्प्यात पाणी पांढुरकं होतं.

मात्र सगळे क्षार सारखे नाहीत. क्रेग, निनहॅम आणि पॅशली यांनी १९९३ मध्ये पद्धतशीर यादी केली आणि विचित्र नियम निघाला. आयनांचे दोन गट पाडता येतात, अल्फा आणि बीटा. क्षारातले दोन्ही आयन अल्फा असतील किंवा दोन्ही बीटा असतील तर विलीनीकरण थांबतं. एक अल्फा, एक बीटा असेल तर काहीच होत नाही. साधं मीठ थांबवतं. मॅग्नेशियम सल्फेट तर त्याहून कमी तीव्रतेला थांबवतं. हायड्रोक्लोरिक आम्ल थांबवत नाही, सोडियम ॲसिटेट थांबवत नाही, सोडियम परक्लोरेटही नाही. पण परक्लोरिक आम्ल थांबवतं! (आम्लांच्या वाटेला घरी जाऊ नका. तुमच्यासाठी मीठ आणि मॅग्नेशियम सल्फेट पुरे.)

प्रवाही यांच्या वर्गाच्या मुद्द्याशी हे छान जुळतं. दोन्ही आयन पृष्ठभागापासून पळणारे असतील तर पृष्ठताण बदलतो, दोन्ही पृष्ठभागाकडे झुकणारे असतील तरी बदलतो, एक पळणारा आणि एक झुकणारा असेल तर एकमेकांना खोडून काढतात. पण सगळं जुळत नाही, हेही सांगायला हवं. साखरही विलीनीकरण थांबवते, आणि तिचा हिशोब या चौकटीत नीट बसत नाही. तीस वर्षं उलटली तरी क्षारांच्या या नियमावर एकमत नाही. माझा कल असा की मारांगोनी हे मुख्य कारण आहे, पण एकमेव नाही.

धातुशोधक

क्षारांचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचं सांगतो. खारं पाणी वापरणाऱ्या प्लवन संयंत्रांना फ्रॉदर कमी लागतो. कॅनडातल्या रॅग्लनच्या निकेल संयंत्रात प्रक्रियेचं पाणी इतकं खारट आहे की तिथे फ्रॉदर न घालताही काम चालतं. बुडबुडे बारीक ठेवायचं काम क्षारच करतात.

मीरा_म

पण मग वरचा फेस? मीठ घातलेल्या पाण्यावर तर फेस उभा राहत नाही.

धातुशोधक

नुसत्या पाण्यावर नाही राहत. खारट_मासा यांनी बरणीत बघावं, खाली बारीक बुडबुडे दिसतील आणि वर पोहोचले की भराभर फुटतील. मीठ टकरीच्या क्षणापुरतं निथळणं लांबवतं, पण वर थांबलेल्या पापुद्र्याला तोलून धरायला त्याच्याकडे काही नाही. संयंत्रात ते काम खनिजाचे कण करतात. पाणी न धरणारे कण पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना रुतून बसतात आणि फेस उभा राहतो. म्हणून आमच्याकडे प्रयोगशाळेत स्वच्छ खाऱ्या पाण्याची चाचणी घेऊन 'फेस येत नाही, फ्रॉदर हवाच' असा शेरा मारणाऱ्याला आधी गाळ घालून पुन्हा चाचणी घ्यायला सांगतात.